भीती वाटस का?

आबांच्या सिनेमात घुसायची अट एकच होती. आपल्याला भीती वाटते, हे चारचौघांत कबूल करायचं.

सकाळी शूटिंगला सगळे जमले की आबा रांगेसमोरून सावकाश चालत यायचे. भर मे महिन्यातही गळ्याला मफलर, त्यावर शिट्टी, पायात कारखान्याच्या नोकरीतले जाड तळव्यांचे बूट. प्रत्येकासमोर थांबायचे, डोळ्यांत बघायचे आणि विचारायचे, "भीती वाटस का?"

"वाटते, आबा," म्हटलं की खांद्यावर थाप पडायची. एखाद्यानं छाती फुगवून "नाही" म्हटलं की त्याची त्या दिवसाची उडी रद्द. मग त्यानं अक्कांच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, शेजारी बसून दुपारच्या जेवणाचे कांदे चिरायचे. शेवभाजीला कांदा भरपूर लागतो, त्यामुळे असा एखादा शूर रोज सापडला तर अक्कांना बरंच वाटायचं.

"ज्याले भीती वाटत नही, तो पायखाले दखत नही," आबा म्हणायचे. "त्यानी हिंमत लईसन मी काय करू?"

आणि हा माणूस साहसपट काढत होता! दोन टोळ्या, एक खजिना, भिंतीवरून उड्या, चालत्या गाड्यांवरची मारामारी, सगळा मालमसाला. पण सेटवर 'हिंमत' या शब्दाला बंदी. कोणाच्या तोंडून चुकून "हिंमत कर रे" निघालं की आबा शिट्टी वाजवून काम थांबवायचे आणि सगळ्यांना पाणी प्यायला लावायचे. सिनेमाला नावही नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जल्म व्हयना नही आनि बारसं कसाले?"

मला त्यांनी कॅमेऱ्यावर घेतलं ते माझ्या कलेवर भाळून नव्हे. पारोळ्यात मी लग्नांचे व्हिडिओ काढतो. हळद, वरात, पंगती, बिदाईचं रडणं, यापलीकडे माझी कला कधी गेली नाही. पण मी आबांचा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे मी किती भित्रा आहे हे त्यांना भिंतीपलीकडून ठाऊक होतं. झोपण्याआधी मी गॅसचं बटण बघून येतो, अंथरुणावर पडतो, आणि परत उठून बघून येतो. बायको करवादते. हे सगळं ऐकून एक दिवस सकाळी आबा दारात उभे राहिले.

"माले तूच पाहिजे," म्हणाले. "शूर कॅमेरावाला 'आजून एक डाव, आजून एक डाव' करीसन पोऱ्यासले मारी टाकी. तू लवकर 'बस' म्हणशी."

माझ्या भित्रेपणाचं इतकं मोल कोणी केलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि त्या रात्री गॅसचं बटण तिसऱ्यांदाही बघून आलो.

आबांची सगळी नोकरी वरणगावला, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. आत काय काम करायचे ते कधी बोलले नाहीत, पण तिथल्या सवयी मात्र सगळ्या बरोबर घेऊन आले. आमच्या सेटवर साधी फुलबाजी नव्हती, तरी सकाळी सगळ्यांचे खिसे तपासले जायचे. काडेपेट्या, लायटर, किल्ल्या, सगळं अक्कांच्या फराळाच्या डब्यात जमा. मी एकदा म्हटलं, "आबा, इथं पेटण्यासारखं आहे काय?"

"काय पेटस ते पेटावरच समजस, भाऊ," ते म्हणाले आणि माझ्या खिशातली किल्ली काढून घेतली.

आता आमच्या स्टंट टीमबद्दल. धुळे रस्त्यावरच्या मैदानावर उजाडायच्या आत पोलीस भरतीची पोरं-पोरी पळायला येतात. पळायचं, गोळा फेकायचा, दंड-बैठका काढायच्या, आणि भरती निघायची वाट बघायची. आबा तिथं फिरायला जायचे. महिनाभर त्यांनी या पोरांना नुसतं बघितलं आणि एक दिवस त्यांना गोळा करून विचारलं, "तुम्हनी फुकट पडानी तयारी शे का?"

अकरा जण तयार झाले. मोबाइलच्या दुकानात बसणारा, माकडासारखा चपळ रोशन. तालुक्यात कोणाला मागं न टाकता झोपत नसेल अशी वैशाली. बाकीचेही तसलेच, उफाड्याचे आणि उपाशी. फुकट पडणारे मिळाले याचा आम्हाला आनंद झाला, पण माझी झोप उडाली ती यामुळेच. कारण या पोरांकडे शरीराशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. भरतीच्या तोंडावर गुडघा दुखावला की वर्ष गेलं, आणि अशी दोन वर्षं गेली की वय गेलं. आमच्या सिनेमातल्या एका चुकीच्या उडीनं एखाद्या घरातली नोकरी जाणार होती. नटाचा पाय मुरगळला तर शूटिंग पुढं ढकलता येतं. यांचा मुरगळला तर काय करायचं?

आबांना हे माझ्याआधी कळलेलं होतं. काम सुरू करण्याआधी ते अकराही घरी गेले. बापांना नाही, आयांना भेटले. घरात जे असेल ते खाल्लं, कुठं कळण्याची भाकरी, कुठं नुसता चहा, आणि प्रत्येक आईला सांगितलं, "तुमनं लेकरू जसं नेसू तसं आनी दिसू." जसं नेईन तसं आणून देईन.

हे नुसतं बोलणं नव्हतं. शूटिंग संपलं की आबा एकेकाला त्याच्या दारापर्यंत सोडायचे. आईला बाहेर बोलवायचे, दिवा लावायला सांगायचे आणि म्हणायचे, "मोजी ल्या." मग ती माऊली पोराचे हात, पाय, कोपरं उजेडात बघायची. पहिले काही दिवस बाया लाजल्या. पुढं पुढं त्या दिवा लावूनच बसायला लागल्या. मिशा फुटलेला रोशन हात पुढं करून आईसमोर उभा राहायचा आणि गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची. सगळे दिले-घेतले झाले की आबांचा चेहरा सैल पडायचा. तोपर्यंत त्यांना घोटभर पाणीही जायचं नाही.

अक्कांना या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. निदान मला तसं वाटायचं. भाकरी थापता थापता त्या एकदा म्हणाल्या, "बठ्ठास्न्या मायसले इचारी उनात. माले कोन इचारी?" सगळ्यांच्या आयांना विचारून आलात, मला कोण विचारणार?

आबा हसले. मीही हसलो. अक्का हसल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा आठवलं.

आबांचा दुसरा नियम होता 'पहिले मी'. कुठलीही उडी आधी गोणी मारणार, मग आबा, मग पोरं. प्रत्येक पोराची वेगळी गोणी होती, बाजार समितीच्या काट्यावर त्याच्या वजनाइतकी सरकी भरलेली. वर ऑइलपेंटनं त्याचं नाव. कापसाच्या पडक्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीवरून आधी गोणी खाली ढकलायची, ती गादीवर कशी पडते ते बघायचं, आणि मग साठी उलटलेला हा माणूस "जय खंडेराव" म्हणून स्वतः उडी टाकायचा. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज माझ्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये यायचा. माझा डोळा कॅमेऱ्याला लावलेला असायचा खरा, पण मिटलेला.

एकदा रोशनची गोणी भिंतीच्या कडेला अडकून फाटली आणि खाली येऊन फुटली. सरकी चौफेर उडाली. आबा भिंतीवरून ओरडले, "रोशन फुटना! बठ्ठा फुटना!" नेमकी त्याच वेळी रस्त्यानं निंदणीहून परतणाऱ्या बाया चालल्या होत्या आणि त्यांत रोशनची आई होती. ती खुरपं टाकून जी धावत आली! रोशन खाली गादीवर बसून केळं खात होता. आईनं त्याला बघितलं, आणि आधी त्याच्या मुस्काटात मारली, मग त्याला पोटाशी धरून रडली. केळं तसंच त्याच्या हातात.

ती रोशनला हात धरून घरी घेऊन गेली. आबांनी काम बंद केलं आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसले. दिवेलागण झाली तेव्हा ती बाहेर आली आणि म्हणाली, "गोणीवर पोऱ्यानं नाव टाकू नका, आबा." आबांनी कानाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून गोण्यांवर नावांऐवजी रंगांचे पट्टे आले आणि रोशनही आला.

आज रोशन वर्दीत आहे. आबा गेले तेव्हा तो रजा टाकून आला होता. आबा घरीच गेले, स्वतःच्या खाटेवर. सिनेमाही पुरा झाला, इथल्या मंगल कार्यालयात पडदा लावून दाखवला, मग मोबाइलवरून गावोगाव फिरला. अजून लग्नात कोणी ना कोणी मला विचारतं, "त्या सिनेमातल्या पहिल्या गाडीवर बसलेली म्हातारी कोण हो? काय काम केलंय!" ते काम नव्हतं. पण त्यासाठी बारागाड्यांचं सांगायला हवं.

आमच्याकडे यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, बैल काढून घ्यायचे, आणि देवाचा भगत कमरेला आकडा लावून एकटा त्या ओढतो. त्याच्या दोन बाजूंना त्याला सांभाळणारे असतात, त्यांना बगले म्हणतात. गाड्यांत गाव बसतं. नवसाची तान्ही लेकरंसुद्धा बसवतात. आबांच्या सिनेमाचा शेवट तोच होता. भगताच्या वेषातला नायक गाड्या ओढतोय, गाड्यांत टोळीवाले लपलेत, आणि आमची पोरं या गाडीवरून त्या गाडीवर उड्या मारत त्यांना टिपतात.

नायक रोशन. पण नियमाप्रमाणे आधी आबा ओढणार होते. जागा आबांच्या मूळ गावची, खंडेरावाच्या देवळापासून बोरी नदीकडे उतरणारा रस्ता. जुन्या लाकडी चाकांच्या गाड्या आता मिळतात कुठं? सगळ्या रबरी टायरच्या. आबांच्या या फेरीत गाड्या रिकाम्या असणार होत्या. शेवटच्या गाडीला दोन जाड दोर लावलेले, ते धरून पोरं मागून ओढ घेणार, म्हणजे उतारावर वेग येणार नाही. आबांनी आधी दोनदा रिकाम्या गाड्या ओढून बघितल्या होत्या. दोर नीट चालले होते.

त्या सकाळी आबांनी रांगेपुढून फिरत नेहमीसारखं विचारलं, "भीती वाटस का?"

"बारागाड्यांची कसली भीती, आबा?" रोशन म्हणाला. "देवाचं काम."

वैशालीनं देवळाकडे बघून हात जोडले. "नाही वाटत, आबा."

एकानंही 'वाटते' म्हटलं नाही. आबांच्या कायद्यानं त्या दिवशी अकराही जणांना कांद्यांवर बसवायला हवं होतं. पण आबा हसले. "खरं शे," म्हणाले. "आठे कसानी भीती?"

मी त्यांच्या जवळ गेलो. "आबा, तुम्हाला?"

"माले?" ते म्हणाले. "मी पोऱ्या व्हतू तव्हयपाईन बगल्या शे रे, भाऊ."

इतके दिवस सगळ्यांची भीती थोडी थोडी वाटली गेलेली असायची, आज ती सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला आली होती. मी कॅमेरा स्टँडवर लावला, स्क्रू आवळला आणि परत आवळून बघितला.

आबांनी कपाळाला हळद लावली, धोतर खोचलं आणि गाड्यांभोवती रिवाजाप्रमाणे फेऱ्या घ्यायला लागले. कोणीतरी भंडारा उधळला. "येळकोट येळकोट" सुरू झालं. आणि आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात न आलेली गोष्ट घडायला लागली. देवळाच्या ओट्यावरचा एक म्हातारा उठला, पहिल्या गाडीत चढला आणि बसला.

"उतरा हो, बाबा," मी म्हणालो. "शूटिंग आहे."

"रिकाम्या बारागाड्या वढतंस का कोठे?" तो म्हणाला आणि त्यानं मला बाजूला सारलं.

मग काय, गावच चढलं. बाया चढल्या, डोक्यावर पदर घेऊन. कोणी लेकरू मांडीवर घेतलं. कोणी खालून अजून एक लेकरू वर दिलं. मी हातवारे करून आबांना खुणावलं, उतरवा, उतरवा. आबांनी बघितलं. त्यांना दिसलं. आणि ज्या माणसानं माझ्या खिशातली घराची किल्ली काढून घेतली होती, त्यानं त्या भरलेल्या गाड्यांकडे बघून हात जोडले. बारागाड्यांत बसलेल्या माणसाला कोणी उतर म्हणत नाही. मी ओरडून म्हणालो असतो, तरी माझं कोणी ऐकलं नसतं.

गाड्या हलल्या. पहिली काही पावलं आबा खरंच ओढत होते. लोक जयजयकार करत होते. मग उतार लागला आणि मला दिसलं की आबा आता ओढत नाहीयेत, गाड्या त्यांना ढकलताहेत. मागून रोशनची किंकाळी आली. दोर पोरांच्या हातांतून सरसर निघून चालले होते. खाली नदीकाठी शूटिंग बघायला जमलेली गर्दी, गाड्यांत लेकरं, आणि सगळ्यांच्या पुढं कमरेला आकडा अडकवून पळणारे आबा.

आकडा सोडून ते बाजूला होऊ शकले असते. पोरांना त्यांनी तीच पहिली गोष्ट शिकवली होती, वाकडं वाटलं की सोडून दे आणि लोळ. त्यांनी सोडलं नाही. पहिल्या गाडीचं जू खांद्यावर घेऊन ते तिरके झाले आणि सगळी माळ त्यांनी रस्त्याकडेच्या नांगरलेल्या रानात घातली. टायर काळ्या ढेकळांत रुतले. एकामागून एक गाड्या थांबत गेल्या, बाया एकमेकींवर कलंडल्या, लेकरं रडायला लागली. रडताहेत म्हणजे आहेत, एवढंच मला त्या वेळी समजत होतं.

बांध आणि पहिल्या गाडीचं चाक यांच्यामध्ये आबांचा पाय सापडला होता.

पारोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नडगीला प्लास्टर घातलं आणि सांगितलं, थेट घरी न्या, हलू देऊ नका. आम्ही त्यांना छोट्या हत्तीत, म्हणजे त्या लहान टेम्पोत, मागं गादीवर निजवलं. आबांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. टेम्पो सुरू झाला तसे ते म्हणाले, "पहिले पोरे."

"आबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"पहिले पोरे," ते परत म्हणाले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पोरंही टेम्पोतच बसली होती, हाताला पट्ट्या बांधून, एकमेकांकडे न बघता.

मग आमची ती वरात अकराही दारांत गेली. प्रत्येक खड्ड्याला आबा दात आवळायचे. प्रत्येक दारात टेम्पो थांबला की कोपरावर उठायचे आणि म्हणायचे, "माय, मोजी ल्या." दोर घासून सगळ्यांच्या तळहातांची सालटं निघाली होती. रोशनचे हात सर्वांत वाईट. त्याची आई दिवा घेऊन बाहेर आली तेव्हा आबा म्हणाले, "हाऊ जसा नेयेल व्हता तसा नही शे, माय. मनी चूक शे."

तिनं पोराचे हात बघितले. मग दिवा उंच करून आबांचा पाय बघितला. मला वाटलं, आता ही गल्ली डोक्यावर घेणार. ती म्हणाली, "हात भरी येतीन, आबा. तुम्ही घर जा. तुम्हनी वाट दखी ऱ्हायन्यात तठे."

शेवटी एकच घर उरलं. मी आणि टेम्पोवाला, दोघंच होतो. पारोळ्यात बातमी टेम्पोच्या आधी पोचते. अक्का ट्यूबलाइट लावून उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या मागं सगळ्या टीमसाठी केलेलं वरणाचं पातेलं आणि बट्ट्यांची परात तशीच झाकून ठेवलेली. गाड्या ओढून झाल्यावर सगळे जेवायला येणार होते.

आम्ही आबांना उचलून ओट्यावर ठेवलं. अकरा दारांत म्हटलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना, आणि इथं ते त्यांनी म्हणायचं तरी कसं? मीच पुढं झालो.

"अक्का," म्हटलं, "मोजून घ्या."

अक्का उठल्या. डोक्यापासून सुरुवात केली. मफलर काढला, मान बघितली, दोन्ही हातांची बोटं एकेक करून चाचपली. प्लास्टरपाशी आल्या आणि थांबल्या.

"हाऊ मना नही शे," त्या म्हणाल्या, म्हणजे हा माझा नाही. "मना माणूस सकायले दोन पायवर गयथा. ज्याना शे त्याले दी या."

टेम्पोवाला हसला आणि लगेच गप्प झाला, कारण अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अकरा घरे इचारी उनात," त्या आबांना म्हणाल्या. "बारावं घर कोनं व्हतं?"

आबांनी मान खाली घातली. म्हणाले, "आज माले भीतीच वाटनी नही. तठेच चुकनं."

"आनि आते?"

"आते वाटस."

मग अक्कांनी त्यांना आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी सिनेमा बंद केल्याचं जाहीर केलं. पोरं रडकुंडीला आली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. पण अक्का आतून पीठ मळता मळता म्हणाल्या, "अर्धा टाकीसन जन्मभर मना कान खाशात. पुरा करा. पन पहिले मी."

"म्हंजे?"

"पहिली गाडीवर पहिले मी बससू. मी बसनू का मंग पोऱ्या-पोरी."

आबांनी अक्कांना नाना परींनी समजावलं. पण नियम आबांचाच होता, मोडता कसा येणार? त्या आठवड्यात भिंतीपलीकडून मला आबांच्या कुबडीचा आवाज यायचा, आणि एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "गॅसनं बटण दखं का रे?" तेव्हा मला त्यांची दया आली.

या खेपेला जागा सपाट निवडली. ओढायला रोशनऐवजी गावचा खरा भगत बोलावला. लोक बसणारच, हे धरून गाडीगाडीला चाकाखाली लाकूड सरकवायला माणसं ठेवली. आबा कडुनिंबाखाली माझ्या कॅमेऱ्याशेजारी खुर्चीवर, पाय स्टुलावर. त्यांना रांगेपुढून चालता येत नव्हतं म्हणून पोरंच एकेक करून त्यांच्यापुढं आली. "भीती वाटस का?" "वाटते, आबा." सगळ्यांनी खरं सांगितलं.

शेवटी अक्का आल्या, हिरवं नऊवारी नेसून, डोक्यावर पदर. आबांनी काही विचारलं नाही. त्यांचं मनगट तेवढं बांगड्यांसकट घट्ट धरलं.

"इचारा ना," अक्का म्हणाल्या.

"भीती वाटस का?"

"वाटस. तुम्हले?"

आबा हातच सोडेनात. आम्ही सगळे इकडं-तिकडं बघत उभे. "आबा, ऊन चढतंय," मी हळूच म्हटलं, तेव्हा कुठं हात सुटला.

गाड्या हलण्याआधी त्यांनी तोंड फिरवून घेतलं. "मी नही दखस. तू सांग." मग मी एक डोळा कॅमेऱ्याला लावून लग्नातल्या भटजीसारखं बोलत राहिलो. निघाल्या गाड्या, आबा. सावकाश आहेत. रोशन तिसऱ्या गाडीवर. वैशाली उडाली, उतरली, नीट उतरली. अक्का बसल्यात, धरून बसल्यात, डोळे मिटलेत. चाकाखाली लाकडं सरकवताहेत. थांबल्या.

"उतरनी का?"

"उतरल्या, आबा."

तरी ते वळले नाहीत. अक्का चालत येऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी बघितलं.

त्या संध्याकाळी अकरा घरं झाली आणि आम्ही शेवटच्या दारात आलो. आबांनी आधी स्वतःला खाली उतरवून घेतलं, मला ट्यूबलाइट लावायला सांगितली आणि अक्कांना समोर बसवलं. "मोजून घ्या, आबा," मी म्हणालो. त्यांनी अक्कांचे हात उजेडात धरले. बोटं बघितली, कोपरं बघितली, मग हातातल्या बांगड्या एकेक करून पुढं सरकवल्या. परत मागं नेऊन परत सरकवल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"एक बांगडी कमी शे."

"ती सकायलेच वाढनी," अक्का म्हणाल्या. "तुम्ही हात धरा व्हता तव्हय."